महिला स्वच्छतागृह, आठवडे बाजार: रुपये एक हजार

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलेलं नाही, आणि मी गेलो तरी राज्यशास्त्राच्या पेपरात उत्तरं लिहिण्यापलीकडं फारसं काही लिहिलेलं नाही. एक अर्ज तेवढा लिहिला होता. त्याचं काय झालं तेच इथं सांगणार आहे. ते वाचून कुणाला वाटलं की या मुलानं लिहूच नये, तर मला त्याचा राग येणार नाही.

दुसरी माफी आईची. आईच्या लघवीबद्दल मुलानं चारचौघांत लिहावं अशी आमच्याकडं पद्धत नाही. मी तिला एवढंच विचारलं होतं, "तुझ्याबद्दल लिहू का?" ती म्हणाली, "लिही की. चांगलं लिही." काय लिहिणार ते मी सांगितलं नाही.

आई भाजी विकते. आठवड्याचे सहा दिवस ती डोक्यावर पाटी घेऊन गल्ल्यांमधून फिरते आणि दुपारी घरी येऊन जाते. गुरुवारी मात्र बाजार. पहाटे मार्केट यार्डातून माल घ्यायचा, उजाडायच्या आत पटांगणात आपली जागा धरायची आणि संध्याकाळी दिवे लागेपर्यंत तिथून उठायचं नाही. बाकीच्या सहा दिवसांत होत नाही तेवढी विक्री त्या एका दिवसात होते. वडील साखर कारखान्यावर हंगामी कामगार आहेत, म्हणजे हंगाम संपला की घर आईच्या गुरुवारावर चालतं. माझी फी त्यातूनच जायची.

गुरुवारी संध्याकाळी ती घरी आली की पाटी न उतरवताच माठाजवळ जायची आणि उभ्यानंच तीन तांबे पाणी प्यायची. लहानपणापासून मी हे बघत होतो. मला वाटायचं, उन्हात बसून तहान लागली असेल.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा आईला ताप आला, थंडी वाजायला लागली, कमरेत कळा येत होत्या. श्रीरामपूरला डॉक्टरकडं नेलं. बाजारात तिच्या शेजारी बसणारी लसूणवाली मावशी सोबत होती. डॉक्टर बाईंनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, "वर्षात तिसऱ्यांदा इन्फेक्शन झालंय. पाणी पीत नाही का?"

आईनं माझ्याकडं बघितलं. "तू जरा भायेर थांब."

मी बाहेर थांबलो. दार पूर्ण लागलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणत होत्या की असंच चालू राहिलं तर हे किडनीवर जाईल, मग मी काही करू शकणार नाही.

परतीच्या एसटीत आई खिडकीला डोकं टेकून झोपली. मी मावशीला विचारलं, "मावशी, ही पाणी का पीत नाही?"

"बुधवारी जेवताना पेती की शेवटचं," मावशी म्हणाली. "आमी समद्याच तसं करतो. पिऊन जायचं कुठं? तुज्या कालेजात?"

"आधी कुठं जायचात?"

"जुन्या जिनिंगची पडकी भिंत हुती, तिच्यामागं. तिथं कवाच बंगलं झालं. यस्टी स्टँडावर संडास हाय, पन तिथं जाऊन येईस्तवर निम्मा लसूण लोकं खिशात घालून नेत्यात." मग तिनं मला कोपर मारलं. "तू एवढा शिकतोस, तर बांध की एक. दाराला कडी आतून लावशील मातर."

ती हसली. मी हसलो नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि एवढ्या वर्षांत मला हे कळलं नव्हतं, याची लाज वाटत होती.

त्याच डिसेंबरात नगरपालिकेच्या फलकावर एक सूचना लागली. येत्या वर्षाचं अंदाजपत्रक तयार होत आहे, नागरिकांनी आपल्या सूचना लेखी द्याव्यात. आमच्या अभ्यासक्रमात 'नागरिकांचा सहभाग' असा एक मुद्दा होता, पाच मार्कांचा. मला वाटलं, हाच तो. मी लेखा विभागात गेलो.

लेखापाल साठीकडं झुकलेले होते. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. मी म्हणालो, "भाऊसाहेब, सूचना द्यायला आलोय."

"कसली सूचना?"

"अंदाजपत्रकाची. फलकावर लावलंय."

"हां हां, ते. ते दरवर्षी लावतो आम्ही." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं नीट बघितलं. "आजवर कुणी आलं नव्हतं. बस."

त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला आणि गावाचं अंदाजपत्रक कसं होतं ते समजावून सांगितलं. इतक्या आपुलकीनं आजवर कुठल्या सरकारी माणसानं माझ्याशी बोलल्याचं मला आठवत नाही. पाणीपुरवठा, आरोग्य, बांधकाम, कर अशा सगळ्या विभागांना पत्र जातं की तुमची मागणी कळवा. "कोण कळवतं?" ते म्हणाले. "पाणीवाला म्हणतो, मागच्यासारखंच धरा. बांधकामवाला म्हणतो, साहेबांना विचारा. मग मी मागच्या वर्षीचा आकडा घेतो, थोडा वाढवतो आणि पुढं सरकतो." त्यांच्यासमोर लांबलचक तक्ता होता. प्रत्येक कामाला एक ओळ. त्या ओळीला लेखाशीर्ष म्हणतात. ओळीसमोर गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला, यंदा किती धरला होता, त्यात काय बदल झाला आणि पुढं किती धरायचा. आकडे ते पेन्सिलनं लिहीत होते. शेवटी सगळ्याची बेरीज अशी बसवायची की वर्षअखेर थोडी शिल्लक दिसली पाहिजे. ती बसली नाही तर खोडरबर.

"आणि मंजूर कोण करतं?"

"पूर्वी सभागृह करायचं. नगरसेवक भांडायचे, माइक ओढायचे. आता मुदत संपलीये, निवडणूक काही झाली नाही. प्रशासक आहेत. मुख्याधिकारी साहेब प्रस्ताव मांडतात आणि प्रशासक मंजूर करतात."

"प्रशासक कोण आहेत?"

"मुख्याधिकारी साहेबच," भाऊसाहेब म्हणाले आणि चहा बशीत ओतला.

तेवढ्यात त्यांना वर बोलावणं आलं. जाताना त्यांनी जुन्या छापील अंदाजपत्रकांचा गठ्ठा माझ्यासमोर सरकवला. "बघ बसून. अभ्यासाला उपयोगी पडेल."

मी बघत बसलो. तिसऱ्या पुस्तकात मला ती ओळ सापडली. 'आठवडे बाजार महिला स्वच्छतागृह बांधकाम: तरतूद रुपये १,०००. प्रत्यक्ष खर्च: निरंक.' आधीच्या वर्षाचं पुस्तक काढलं. तेच. त्याच्या आधीचं काढलं. तेच. सात पुस्तकं होती, सातही पुस्तकांत हजार रुपये आणि निरंक.

मी मोबाईलवर सगळ्या पानांचे फोटो काढले. आई सात वर्षं तहानलेली बसत होती आणि इथं सात वर्षं तिच्या नावाची ओळ छापली जात होती, असं मला वाटलं. भाऊसाहेब परत येईपर्यंत थांबून मी त्यांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही. एक तर माझा निष्कर्ष काढून झाला होता. दुसरं म्हणजे, एवढ्या मोठ्या माणसासमोर 'लघवी' हा शब्द उच्चारायचा कसा हे मला कळत नव्हतं. मी गठ्ठा नीट लावून ठेवला आणि निघालो.

अर्ज लिहायला तीन दिवस लागले. कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत मला एकदा उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं, त्यामुळं वाक्य कसं जोरदार करायचं हे मला येतं असा माझा समज होता. आईचा आजार मी त्यात लिहिला नाही. 'महिला विक्रेत्यांची गैरसोय' एवढंच लिहिलं. सात वर्षांचे आकडे खाली दिले. आणि शेवटी, ज्या वाक्यावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती, ते असं होतं: 'एक तर या कामासाठी पुरेशी तरतूद करावी, अन्यथा नागरिकांची दिशाभूल करणारी ही नोंद अंदाजपत्रकातून काढून टाकण्याचे धैर्य दाखवावे.' ते वाक्य मी खोलीत दोनदा मोठ्यानं वाचलं होतं. मला ते फार आवडलं होतं.

एक प्रत नगरपालिकेला दिली. अर्जाला वजन यावं म्हणून दुसरी प्रत जिल्हाधिकारी कार्यालयाला पोस्टानं पाठवली. पोच घेतली, तिच्यावर गोल शिक्का होता. तो शिक्का मी आईला दाखवला.

आईनं त्याबद्दल अख्ख्या बाजाराला सांगितलं. पुढच्या गुरुवारी मी डबा द्यायला गेलो तर भाजीवाल्या, बांगडीवाल्या, सुकी मासळी विकणारी म्हातारी, सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. लसूणवाली मावशी म्हणाली, "काय रं, दार कुठल्या अंगाला ठिवनार हायेत? पटांगणाकडं नगं म्हनावं. गिऱ्हाईक समोर उभं ऱ्हातं."

मासळीवाली म्हणाली, "आदी बांदू तर द्या. दाराचं मागून."

"मागून कशाला, आत्ताच सांगून ठिवायचं. गवंडी काय आपल्याला इचारून बांधतोय व्हय?"

आई मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होती. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

जानेवारीच्या शेवटी भाऊसाहेबांचा फोन आला. माझा नंबर अर्जावर होता. ऑफिसात न बोलवता त्यांनी मला समोरच्या चहाच्या टपरीवर बोलावलं. माझा अर्ज त्यांच्या हातात होता, घडी घातलेला.

"अर्ज तूच लिहिलास? कुणी लिहून दिला?"

"मीच लिहिला."

"मला एक शब्द विचारायचं होतंस." ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. "ती ओळ कुठून आली माहितीये? मागं एक नगरसेविका होत्या. भांडून भांडून त्यांनी ठराव करून घेतला तेव्हा ते शीर्ष उघडलं. पैसे कधी मिळाले नाहीत. मग त्या निवडणुकीत पडल्या. दरवर्षी बांधकामवाले म्हणतात, काढून टाका, उगाच एक ओळ वाढते. मी काढत नाही. हजार रुपये टाकून ठेवतो."

"हजार रुपयांत काय होतं भाऊसाहेब?"

"काहीच होत नाही. पण ओळ राहते. ओळ असली की वर्षाच्या शेवटी दुसऱ्या कामातले उरलेले पैसे तिच्याकडं वळवता येतात. ओळच नसेल तर वळवणार कुठं? नवी ओळ उघडायची तर सभागृहाचा ठराव लागतो. सभागृह नाही, आणि प्रशासक नुसत्या आपल्या सहीनं नवी ओळ उघडत नाहीत." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "यंदा गटारीचं टेंडर कमी दरानं गेलंय. थोडे उरतायत. मी साहेबांच्या कानावर घातलं होतं. झालंच असतं असं नाही म्हणत मी. पण साहेब नाही म्हणाले नव्हते."

मी विचारलं, अर्ज मागं घेता येईल का.

त्यांनी घडी उघडली. जिल्हाधिकारी कार्यालयाकडं पाठवलेली माझी प्रत तिथून शेरा घेऊन परत आली होती. 'नियमानुसार कार्यवाही करून अर्जदारास कळवावे.' भाऊसाहेबांनी माझ्या शेवटच्या वाक्याखाली बोट ठेवलं. 'अन्यथा'पासून पुढच्या सगळ्या शब्दांखाली कुणीतरी लाल शाईनं रेघ मारली होती. "पुरेशी तरतूद करायला पैसे नाहीत असं बांधकाम विभागानं लिहून दिलंय. मग राहिलं दुसरं. ते करायला एक पैसा लागत नाही. आणि नागरिकाचीच मागणी आहे."

मी त्याच दिवशी दुसरा अर्ज दिला, पहिला मागं घेत असल्याचा. त्यात आईचा आजार लिहिला. डॉक्टरांचा कागद जोडला. तो शब्द लिहिला. आवक विभागातल्या बाईंनी वाचून माझ्याकडं बघितलं, शिक्का मारला आणि तो पहिल्या अर्जाखाली लावला.

फेब्रुवारीत अंदाजपत्रकाची सभा झाली. भाऊसाहेबांनी मला मागच्या बाकावर बसू दिलं. सभागृह मोठं आहे. नगरसेवकांच्या खुर्च्या तशाच ओळीनं लावलेल्या होत्या, पाठीवर पांढरे टॉवेल, आणि त्यांवर कुणी नव्हतं. समोर मुख्याधिकारी एकटे बसले होते. विभागप्रमुख भिंतीला लागून उभे होते. भाऊसाहेब वाचत होते, साहेब मान हलवत होते आणि त्यानंतर सही करत होते. आधी मांडणाऱ्याची, मग मंजूर करणाऱ्याची. 'विनावापर लेखाशीर्षे वगळणे' हा विषय शेवटून दुसरा होता. चार ओळी होत्या. आमची तिसरी. भाऊसाहेबांचा आवाज तिथं बदलला नाही. चहा यायच्या आत सभा संपली.

बाहेर जाताना साहेबांचं लक्ष माझ्याकडं गेलं. भाऊसाहेबांनी ओळख करून दिली. साहेब चांगले माणूस आहेत, हे मला प्रामाणिकपणे लिहायला हवं. ते थांबले. "तुमचंच ते पत्र का? चांगलं लिहिलंय. आकड्यांसहित. तरुणांनी असंच लक्ष घातलं पाहिजे."

मी म्हणालो, "सर, मी दुसरा अर्ज पण दिलाय."

"हो का? बघतो," ते म्हणाले. त्यांना पुढं कुठंतरी जायचं होतं.

मी घरी काही सांगितलं नाही. आई विचारायची, "कवा सुरू करनार हायेत?" मी म्हणायचो, अजून वरून मंजुरी यायची आहे. ते खोटं नव्हतं. अंदाजपत्रक नगरला जिल्हाधिकाऱ्यांकडं मंजुरीसाठी गेलं होतं. मी दोनदा एसटीनं तिथं जाऊन आलो. दोन्ही वेळा एका खिडकीवर सांगितलं गेलं की नगरपालिकेत विचारा, आणि नगरपालिकेत सांगितलं गेलं की नगरहून यायचं आहे.

मार्चमध्ये आईला पुन्हा ताप आला. डॉक्टर बाई या वेळी माझ्यासमोरच बोलल्या. पाणी प्यायचं, नाहीतर बाजार सोडायचा. आईनं पाणी प्यायला सुरुवात केली. दुपारी एकदा माल मावशीवर सोपवून ती चालत घरी यायची आणि परत जायची. जाऊन येईपर्यंत तासभर जायचा. मावशी स्वतःचा लसूण मोजणार की आईची मेथी? एका गुरुवारी कोथिंबिरीच्या जुड्या कमी भरल्या. कुणी घेतल्या कळलं नाही. मावशी म्हणाली, "मी न्हाई बाई बघितलं," आणि दोघी आठवडाभर बोलल्या नाहीत. तीस वर्षं शेजारी बसत होत्या.

पटांगणातल्या जागेचा कुठं कागद नसतो. लागोपाठ चार-पाच बाजार बसलं नाही की दुसरं कुणी बसतं आणि ती त्याची होते. मावशीवर पुन्हा माल सोडणं आईला जमेना, म्हणून एप्रिलमध्ये ती चार बाजार गेली नाही. पाचव्या गुरुवारी मी कॉलेजातून येताना बघितलं, तिच्या जागेवर मावशीची सून भेंडी घेऊन बसली होती. लहान होती, विशीतली. शेजारी पाण्याची बाटली होती. झाकण लावलेली, भरलेली.

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. घरातच ऱ्हायली जागा." मग तिनं शेजारच्या सोसायटीत दोन घरची धुणीभांडी धरली. तिथं संडास वापरू देतात, हे तिनं मला मुद्दाम सांगितलं. मला बरं वाटावं म्हणून.

मे महिना संपत आला तेव्हा पोस्टमननं पाकीट दिलं. मी घरीच होतो. आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. पाकिटावर नगरपालिकेचं नाव छापलेलं होतं. आईला वाचता येत नाही, पण तो शिक्का तिनं ओळखला.

"आलं व्हय?" ती म्हणाली. "मोठ्यानं वाच."

मी एकदा मनात वाचलं. मग तिनं पुन्हा सांगितलं, म्हणून मोठ्यानं वाचलं.

'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपण आपल्या अर्जात केलेल्या मागणीनुसार आठवडे बाजार महिला स्वच्छतागृह बांधकाम हे लेखाशीर्ष चालू आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकातून वगळण्यात आले आहे. सदर अंदाजपत्रकास मा. जिल्हाधिकारी यांची मंजुरी प्राप्त झाली आहे. सबब आपली मागणी पूर्ण झाली असल्याने आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'